आधी घर दाखवा, मग भूत

गेल्या दोन-अडीच वर्षांत मी आणि माझ्या धाकट्या भावाने मिळून पंचवीस-तीस पिक्चर तरी बघितले असतील, निम्मे थेटरात, निम्मे घरी. आमचा करार असा की एक त्याच्या आवडीचा म्हणजे मारामारीचा आणि मग एक माझ्या आवडीचा म्हणजे भुताचा. नवऱ्याला दोन्ही चालत नाही, तो घरी मॅच बघतो. मी काही समीक्षक वगैरे नाही, बँकेत काउंटरला बसते, शुक्रवारी सुटले की ठाण्यात जो शो मिळेल तो. पण इतके बघून झाल्यावर एक गोष्ट डोक्यात पक्की बसलीय आणि ती लिहायचीच होती. पिक्चर भुताचा असो नाहीतर मारामारीचा, जागा कळली पाहिजे. दार कुठे, जिना कुठे, अंधार कुठून सुरू होतो, कुठून पळता येईल आणि कुठून नाही. हे ज्याने आधी दाखवलं त्याचा पिक्चर मला लागू पडला, ज्याने नाही दाखवलं त्याने शंभर कोटी ओतले तरी मी आपली पॉपकॉर्न खात बसले.

माझं हे मत कुठून आलं तेही सांगते. आजीचं घर गुहागर तालुक्यात. रात्री न्हाणीघरात जायचं म्हणजे माजघरातून मागच्या पडवीत, पडवीतून तीन पायऱ्या खाली, मग फणसाखालून पंधरा पावलं, आणि त्यातलं आठवं-नववं पाऊल पडायचं तिथे उजव्या हाताची गोठ्याची भिंत संपायची आणि पुढचं आगर एकदम उघडं व्हायचं. घाबरायचं ठिकाण ते. तिथे कधी काही दिसलं नाही, पण दर वेळी पाय तिथेच उचलायचा. आजी भुताच्या गोष्टी सांगायची त्यातसुद्धा ती आधी वाट सांगायची, अमक्याच्या वाडीवरून खाली उतरलं की व्हाळ लागतो, व्हाळाच्या पलीकडे पिंपळ, आणि मग मुंज्या. मुंज्या पहिल्या वाक्यात कधीच यायचा नाही.

म्हणून ‘मुंज्या’ची जाहिरात बघितली तेव्हा मी तारीख लिहूनच ठेवली होती, ७ जून २०२४. आदित्य सरपोतदारचा पिक्चर, ज्याने त्याच्या दोन वर्षं आधी ‘झोंबिवली’ केला होता, डोंबिवलीत झॉम्बी आणून. मुंज्या म्हणजे काय हे आपल्याला सांगायला लागत नाही, मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत मुलगा गेला तर तो पिंपळावर राहतो, हे कोकणात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण हिंदी पिक्चरात ते इतकं सरळ, आपल्याच शब्दांत येईल असं मला वाटलं नव्हतं. सुरुवातीचा १९५२ चा भाग तर मला अख्ख्या पिक्चरात सगळ्यात भारी वाटला. एक हट्टी पोरगा, वयाने त्याच्यापेक्षा मोठ्या मुलीवर जीव जडलेला, आई चिडून त्याची मुंज लावते आणि तो रात्री धाकट्या बहिणीला घेऊन झाडाखाली जातो. त्यात घर, रान, झाड, सगळं अंतरासकट कळतं. बहीण किती लहान आहे, घर किती लांब राहिलंय, तिने ओरडलं तर कुणाला ऐकू जाणार नाही, हे सगळं न बोलता समजतं, आणि त्यामुळे पोटात गोळा येतो.

पुढे तीच बहीण म्हातारी होते, सुहास जोशी. त्यांच्याबद्दल मला वेगळं लिहायचंय कारण सगळे त्या ग्राफिक्सच्या मुंज्याबद्दलच बोलत होते. सुहासताई त्यात फार वेळ नाहीत, पण त्या नातवाकडे ज्या पद्धतीने बघतात ना, की माझ्याबरोबर हे संपायला हवं होतं आणि संपलं नाहीये, ते बघून मला माझी आजीच आठवली. शर्वरी चांगली, अभय वर्मा तर त्या घाबरट पुण्याच्या मुलाच्या कामात एकदम फिट्ट, मोना सिंग पार्लरवाली आई म्हणून मस्त. पण शेवटची वीस-पंचवीस मिनिटं मात्र मला आवडली नाहीत. तोपर्यंत मुंज्या कोपऱ्यात असायचा, कौलावर असायचा, खांद्यामागे असायचा. शेवटी तो सगळीकडेच असतो, उड्या काय, मुळं काय, आणि एकदा तो सगळीकडे आहे म्हटल्यावर कुठे बघून घाबरायचं तेच कळत नाही. भाऊ म्हणाला, “ताई, मुलांना हेच आवडतं गं.” बरोबर आहे त्याचं, आमच्या समोरच्या रांगेतली पोरं खिदळत होती. पण मला ती सुरुवातीची रात्रच हवी होती अजून थोडी.

‘स्त्री २’चं पण तेच झालं माझ्या मते. १५ ऑगस्ट २०२४, फुल्ल थेटर, लोक डायलॉगच्या आधीच हसायला तयार. पंकज त्रिपाठी आणि ती तिघं मित्र मंडळी असली की वेळ कसा जातो कळत नाही. चंदेरीच्या गल्ल्या, ती उंच दारं, भिंतीवरचं लिहिलेलं, पहिल्या भागात ते गाव मला पाठ झालं होतं, आणि सरकटा त्या गल्ल्यांतून जेव्हा येतो, धड वेगळं आणि मुंडकं वेगळं, तेव्हा खरंच दचकायला होतं. त्या कामाला जम्मूचा सुनील कुमार म्हणून प्रचंड उंच माणूस घेतलाय, त्यामुळे दारातून येताना तो दार भरून येतो, त्याचा परिणाम होतो. पण मग सगळे त्याच्या त्या जमिनीखालच्या गुहेत जातात आणि खाली लाव्हा वाहतोय. चंदेरीत लाव्हा! तिथे माझी भीती संपली. हसायला मात्र भरपूर आलं, पैसे वसूल, त्यात वाद नाही.

आता भावाच्या बाजूचं. ‘किल’. हा पिक्चर मला त्याने ओढून नेलं म्हणून मी बघितला आणि आता मी दिसेल त्याला सांगते की बघ. ५ जुलै २०२४ ला आला. रांचीहून दिल्लीला निघालेली राजधानी, त्यात एक कमांडो त्याच्या मित्राबरोबर, त्याची आवडती मुलगी तिच्या घरच्यांबरोबर, आणि चाळीसेक दरोडेखोर. संपला. एवढीच गोष्ट. पण आपण सगळे ट्रेनने फिरलेलो आहोत ना, मी तर लहानपणापासून कोकण रेल्वेने किती वेळा गेले असेन, त्यामुळे एसी डब्यातली एकेक इंच जागा आपल्याला माहीत असते. साइड लोअरच्या पडद्याआड माणूस झोपलाय की नाही हे बाहेरून कळत नाही, दोन डब्यांच्या मधल्या हलत्या भागात आवाज इतका असतो की ओरडलं तरी आत जात नाही, दाराशेजारी चादरी-ब्लँकेटांचं कपाट, त्याला लागून बेसिन, समोर संडास आणि त्याचं दार आतून लावलं की सुटका, पण किती वेळ. दिग्दर्शक निखिल नागेश भटने हे सगळं वापरलंय. पिक्चरमध्ये कुणी उडत नाही, कारण उडायला जागाच नाही. हात मागे घ्यायला जागा नाही म्हणून ठोसा लहान बसतो, म्हणून माणूस कोपर वापरतो, गुडघा वापरतो, आग विझवायचा तो लाल सिलिंडर वापरतो. (तो सीन ज्यांना रक्त बघवत नाही त्यांनी खाली मान घालून काढावा, मी तसाच काढला.)

आणि पिक्चरचं नाव पडद्यावर येतं ते जवळपास पाऊण तास झाल्यावर. तोपर्यंत हीरो मारतोय पण जीव घेत नाहीये. मग एक गोष्ट घडते, ती मी सांगणार नाही, आणि मग नाव येतं, आणि थेटरात जी शांतता झाली ती मला अजून आठवते. दुसरी गोष्ट म्हणजे ते दरोडेखोर सगळे एकमेकांचे नातेवाईक आहेत, कुणी काका, कुणी पुतण्या, कुणी भाऊ. एक मेला की बाकीचे त्याच्यावर पडून रडतात. मारामारीच्या पिक्चरमध्ये व्हिलनची माणसं मेली की पुढे, असंच असतं ना नेहमी? इथे प्रत्येक मेलेल्याच्या मागे रडणारा कुणीतरी डब्यात आहे आणि तोच पुढे चवताळून येतो. राघव जुयालला आपण डान्स शोमध्ये स्लो मोशनवाला म्हणून बघितलेलं, तो इथे इतका थंड आणि हलकट दिसतो की दुसऱ्या दिवशी पण मला त्याचा चेहरा आठवत होता. आशिष विद्यार्थी त्याचा बाप. लक्ष्यचा पहिलाच मोठा पिक्चर, आणि त्याच्या डोळ्यांतलं माणूसपण हळूहळू कमी होत जातं ते त्याने फार नीट केलंय. पुढे ‘जॉन विक’वाल्या चॅड स्टाहेल्स्कीच्या कंपनीने याचा इंग्रजी रिमेक जाहीर केला, आणि ते मला अजिबात नवल वाटलं नाही. फक्त त्यांच्या ट्रेनमध्ये आपल्यासारखा डबा नसणार, तिथेच खरी अडचण आहे असं मला वाटतं.

‘जॉन विक’चा विषय निघालाच आहे तर चौथ्या भागाचं सांगते. तो २०२३ चा, थोडा जुना झाला, पण भावाच्या नादाने मी घरी तीनदा बघितलाय. पॅरिसमधल्या त्या २२२ पायऱ्या, वर चर्च, सूर्य उगवायच्या आत वर पोचायचं. आधी तो खाली उभा राहून वर बघतो, म्हणजे आपण पण बघतो. मग अर्ध्याहून वर जातो आणि गडगडत थेट खाली येतो. सगळं थेटर म्हणे ओरडलं होतं तिथे, मी घरी ओरडले. किती वर गेलाय हे आपल्याला माहीत होतं म्हणून ते पडणं लागलं. आणि त्याच्या आधी एका जुन्या घरातली मारामारी आहे ती सगळी वरून घेतलीय, जणू छत काढून टाकलंय आणि आपण खोल्यांचा नकाशा बघतोय, या खोलीत तो, भिंतीपलीकडे दोघं, जिन्यावर अजून तिघं. स्टाहेल्स्की आधी स्वतः स्टंट करायचा, त्याला माहितीय कुठून कोण येणार हे बघणाऱ्याला कळलं की मजा वाढते.

याच्या उलट ‘वॉर २’. हृतिक, एनटीआर, दोघंही जीव तोडून काम करतात, हृतिकला बघायला मला तर नेहमीच आवडतं. पण एक देश झाला की दुसरा, विमानाच्या अंगावर मारामारी, मग बर्फात मारामारी, आणि कुठेच आपण दहा मिनिटं थांबत नाही. कुणी पडलं तर किती उंचावरून पडलं? माहीत नाही. पडलं तर मरेल का? नाही मरत. मग मी कशाला काळजी करू? भावाने पण मध्येच फोन काढला, आणि तो मारामारीच्या पिक्चरमध्ये फोन काढणारा माणूस नाहीये. टॉम क्रूझच्या शेवटच्या ‘मिशन इम्पॉसिबल’चं उलट, त्यात पहिला सव्वा तास नुसतं बोलणं आहे, मला झोप आली खरं सांगते, पण ती लहान विमानांची मारामारी सुरू झाली आणि मी खुर्चीच्या टोकाला. दोन विमानं, एक पिवळं आणि एक लाल, हा माणूस पंखाला लटकलाय, वाऱ्याने त्याच्या गालांची कातडी हलतेय, आणि त्याला एका विमानातून दुसऱ्यात जायचंय. बस. साठी ओलांडलेला माणूस स्वतः लटकलाय हे माहीत असल्यामुळे अजूनच.

‘अॅनिमल’बद्दल आमच्यात भांडण आहे. मला तो पिक्चर आवडत नाही, तीन तास एकवीस मिनिटं त्या माणसाचा राग आणि बायकांशी बोलायची त्याची पद्धत सहन करणं मला जमलं नाही, आणि ते मी कुठेही सांगेन. पण त्या हॉटेलच्या कॉरिडॉरमधली मारामारी आणि त्यात अजय-अतुलचं डॉल्बीचं मराठी गाणं, २०१६ च्या ‘जाऊंद्या ना बाळासाहेब’मधलं, ते लागलं तेव्हा ठाण्याच्या थेटरात ज्या शिट्ट्या पडल्या त्या मी आयुष्यात विसरणार नाही. मुखवटे घातलेली माणसं समोरून येतायत, हा एकटा, दोन्ही बाजूंना भिंती, आणि आपल्या मिरवणुकीतला ढोल. तेवढा तुकडा भारीच आहे, ते कबूल करायलाच हवं.

‘मार्को’बद्दल दोनच वाक्यं. उन्नी मुकुंदन दिसतो जबरदस्त, पण शेवटाकडे लहान मुलांवर आणि गरोदर बाईवर जे दाखवलंय ते दाखवायची काही गरज नव्हती. मी उठून बाहेर आले आणि परत आत गेले नाही.

परत माझ्या बाजूला येते. मल्याळममधला ‘भ्रमयुगम’, फेब्रुवारी २०२४ चा, राहुल सदाशिवनने केलेला, सोनी लिव्हवर आहे. हा मी एकटीने बघितला, रात्री साडेअकराला, नवरा झोपल्यावर, आणि सांगते, कानाला हेडफोन लावून बघा. पूर्ण ब्लॅक अँड व्हाइट. सतराव्या शतकातलं मलबार. एक पळालेला गाणारा माणूस रान तुडवत एका मोडक्या वाड्याशी येतो, आत एक म्हातारा धनी आणि एक आचारी, एवढीच माणसं. धनी म्हणजे मामुट्टी. तो त्याला जेवायला घालतो, राहा म्हणतो, फासे खेळू म्हणतो. पाऊस थांबतच नाही. त्या वाड्याचं छप्पर कुठे गळतंय, अंगणात गवत किती वाढलंय, कुठल्या खोलीत जायचं नाही, हे त्या गाणाऱ्याबरोबर आपल्याला पण हळूहळू कळत जातं, आणि ज्या क्षणी त्याला कळतं की यातून बाहेर जायची वाट नाहीये त्या क्षणी आपल्याला पण कळतं. मामुट्टीचा जेवतानाचा सीन आहे. नुसता जेवतोय, मांस चावतोय, समोरचा उपाशी बघतोय. एक थेंब रक्त नाही, किंकाळी नाही, आणि मी उशी छातीशी धरून बसले होते. सत्तरी ओलांडलेला एवढा मोठा स्टार हसताना दात दाखवतो आणि आपल्याला नको वाटतं. मी नंतर आईला फोनवर सांगत होते तर आई म्हणाली, “अगो, पाहुण्याला आग्रहाने ठेवून घेणारं घर आधी नीट बघावं.” तिने पिक्चर बघितलेला नाही तरी.

आग्रहावरून ‘शैतान’. मार्च २०२४. एक अनोळखी माणूस घरात येतो, फोन चार्ज करू द्या म्हणून, फक्त पंधरा मिनिटं, आणि मुलगी त्याच्या ताब्यात. माधवन छान आहे, अजय देवगण आणि ज्योतिका पण. पण माझं म्हणणं असं की ज्याला वेळ आहे त्याने मूळचा गुजराती ‘वश’ बघा, २०२३ चा, कृष्णदेव याज्ञिकचा. मुलीचं काम दोन्हीत जानकी बोडीवालानेच केलंय आणि ‘वश’साठी तिला राष्ट्रीय पुरस्कार पण मिळाला. गुजरातीमध्ये सगळं जवळचं वाटतं, घर कमी सजवलेलं आहे, माणसं कमी हीरो आहेत, बाप खरंच हतबल दिसतो. हिंदीत अजय देवगण आहे म्हटल्यावर तो काहीतरी करणार हे आपण धरूनच चालतो ना. गुजरातीत तो भरवसा नसतो. आणि शेवट वेगळा आहे, जास्त कडू. दुसरा भाग ऑगस्ट २०२५ ला आला तो मुलींच्या शाळेत घडतो, त्यातला पहिला अर्धा तास गच्चीवरचा… मला मुलगी आहे सातवीत, मी तो धड बघू शकले नाही, पण वाईट आहे म्हणून नाही, फार नेमका आहे म्हणून.

आता आपल्या मराठीकडे. मला राग येतो, लोक म्हणतात मराठीत हॉरर होत नाही. ‘लपाछपी’ बघा ना, २०१७, विशाल फुरियाचा, पूजा सावंत आणि उषा नाईक. उसाच्या फडाच्या मधोमध घर. गरोदर बाई त्या घरात आणून ठेवलेली. ज्याने उसात शिरून बघितलंय त्याला विचारा, चार पावलं आत गेलं की मागची वाट मिटते, पातं गालाला कापतं, वर आभाळाची पट्टी दिसते तेवढीच, आणि आवाज कुठल्या बाजूने येतोय ते कळत नाही. पोटातल्या मुलींना मारणाऱ्या घराची गोष्ट आणि त्याला उसाची भिंत, यापेक्षा योग्य जागा असूच शकत नाही. त्यावरूनच त्याने २०२१ ला हिंदीत ‘छोरी’ केला आणि २०२५ ला त्याचा दुसरा भाग पण आला. दुसऱ्या भागात सगळं जमिनीखालच्या बोगद्यात नेलंय आणि उसाची जी खरी भीती होती ती तितकी राहिली नाही.

आणि ‘जारण’. जून २०२५, हृषीकेश गुप्ते, जे आधीपासून भयकथा लिहितात. अमृता सुभाष आणि अनिता दाते. हा मी आईला घेऊन बघितला, कारण जारणमारण हा शब्द आमच्या घरी दबक्या आवाजातच बोलला गेलाय. जुनं घर, एका मुलीच्या लहानपणी त्या घरात राहिलेली भाडेकरू बाई, आणि मोठी झाल्यावर ती मुलगी परत तिथे येते. अमृता सुभाषच्या चेहऱ्यावर एका सीनमध्ये ती आई असते आणि पुढच्या मिनिटाला सात-आठ वर्षांची घाबरलेली पोर, मेकअप तोच, साडी तीच. खरंच कुणी काही केलंय की हे तिच्या मनात आहे, हे पिक्चर शेवटपर्यंत हातात देत नाही. माझा जादूटोण्यावर विश्वास नाही, २०१३ चा कायदा झाला तेव्हा मला आनंद झाला होता, आणि तरी मी सांगते की हा पिक्चर अंधश्रद्धेला खतपाणी घालतो असं म्हणणाऱ्यांनी तो नीट बघितला नाही. लहान मुलाच्या मनात मोठ्यांनी एकदा भीती पेरली की ती चाळीस वर्षं कशी राहते, हे त्यात आहे. आई बाहेर आल्यावर बराच वेळ काही बोलली नाही, मग रिक्षात म्हणाली, “आमच्याकडे पण अशी एक होती, सगळे तिला नावं ठेवायचे. बिचारी एकटी होती फक्त.” 

‘तुंबाड’ नवा नाही, २०१८ चा, पण सप्टेंबर २०२४ ला परत थेटरात लागला आणि पहिल्यापेक्षा जास्त चालला, म्हणून त्याला या यादीत घेते. पहिल्यांदा मी तो मोबाइलवर बघितला होता, चांगला वाटला होता. मोठ्या पडद्यावर बघितला आणि कळलं की मी तो बघितलाच नव्हता. तो पाऊस! राही अनिल बर्वेने पावसासाठी चार-चार पावसाळे थांबून शूटिंग केलं, त्यामुळे त्यातलं ओलं हे खरं ओलं आहे, भिंतीवरचं शेवाळ, अंगाला चिकटलेलं धोतर, वाड्याच्या दारातला चिखल. वाडा सासवडचा. आणि खाली उतरायची ती विहीर, दोरखंड, पिठाचं रिंगण, पिठाची बाहुली. रिंगणाच्या आत आहात तोवर ठीक, रेष ओलांडली की संपलं. इतका साधा नियम. किती फूट जागा आहे, दोर कुठे लटकतोय, खालचा तो राक्षस, हस्तर, कुठल्या बाजूने येणार, सगळं पहिल्या खेपेला दाखवून ठेवलंय, म्हणून शेवटच्या खेपेला जेव्हा बाप आणि पोरगा उतरतात आणि गणित चुकतं, तेव्हा आपल्या आधी आपलं पोट ते ओळखतं. 

इंग्रजीतले दोन चांगले, पटकन. ‘सिनर्स’, २०२५, १९३२ च्या मिसिसिपीत एका जुन्या गिरणीत दोन जुळे भाऊ गाण्याबजावण्याचा अड्डा काढतात आणि रात्री दाराशी व्हॅम्पायर येतात, पण आत बोलावल्याशिवाय त्यांना उंबरठा ओलांडता येत नाही. उंबरठ्याचं महत्त्व आपल्याला कुणी शिकवायला नको, आजी संध्याकाळी उंबऱ्यावर बसू द्यायची नाही. त्यामुळे तो सगळा खेळ आम्हा दोघांना पण घरचा वाटला, करारातला हा एकच पिक्चर जो दोघांचाही होता. ‘वेपन्स’ पण चांगला, रात्री २:१७ ला एका वर्गातली १७ मुलं हात पसरून अंधारात धावत जातात, ते दृश्य डोक्यातून जात नाही, फक्त तोच काळ वेगवेगळ्या माणसांकडून परत परत दाखवतात त्यात माझ्यासारखीला थोडं थकायला होतं.

थेटरवाल्यांबद्दल एक तक्रार आहे आणि ती मनापासून आहे. आमच्या जवळच्या एका मल्टिप्लेक्समध्ये मी ‘तुंबाड’ बघायला पहिल्यांदा गेले तेव्हा दारावरचे हिरवे दिवे आणि पायऱ्यांचे दिवे इतके लख्ख की पडद्याचा खालचा कोपरा धुऊन निघालेला, आणि आवाज इतका कमी की मागच्याचं नाचो खाणं ऐकू येत होतं. इंटरव्हलला जाऊन सांगितलं, मॅनेजर हो म्हणाला, काही झालं नाही. चारशे रुपये तिकीट. मी परत दुसरीकडे जाऊन बघितला, म्हणून वर एवढं लिहू शकले. अंधाराच्या पिक्चरला अंधार द्या ना, दुसरं काय मागतोय आम्ही. आणि ‘मार्को’च्या रात्रीच्या शोला एक जोडपं चार-पाच वर्षांच्या मुलाला घेऊन बसलेलं. तिकिटावर ‘ए’ लिहिलेलं असताना आत सोडलंच कसं? तो मुलगा अर्धा तास रडत होता आणि मला पिक्चरपेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटत होतं. आता तर सेन्सॉरने यूए मध्ये पण ७, १३, १६ असे तीन भाग केलेत, मुलांना नेणार असाल तर तो आकडा बघून न्या. सातवी-आठवीच्या मुलांना ‘मुंज्या’ चालेल, ‘स्त्री २’ चालेल, ‘तुंबाड’ नको, ‘किल’ तर अजिबातच नको.

एक मागणं राहिलंय. सिंधुदुर्गात आचऱ्याला गावपळण होते, दर तीन-चार वर्षांनी, सगळं गाव गुरं, कोंबड्या, कुत्री घेऊन तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जाऊन झोपड्या बांधून राहतं, आणि रामेश्वराचा कौल झाला की परत येतं. चिंदर, वायंगणीला पण आहे. ‘अल्याड पल्याड’ म्हणून २०२४ ला एक मराठी पिक्चर या विषयावर आला होता, हसवणारा होता, गौरव मोरेमुळे लोकांना आवडलाही. पण मला तो विषय विनोद न घालता हवाय. आधी अर्धा तास नुसतं गाव दाखवा, कुठल्या घराची कडी सैल आहे, कुठल्या विहिरीचा रहाट वाजतो, देवळाकडची वाट कुठे वळते. मग सगळी माणसं बाहेर काढा. आणि कॅमेरा वेशीवरच्या झोपडीत ठेवा, जिथे माणसं जागी आहेत, आणि आत रिकाम्या गावात तो रहाट वाजायला लागतो.